पहिल्या दिवशी ठीक असलेल्या बाळाला दुसऱ्या दिवशी झटके का आले?

डोंबिवलीहून एका मावशीने विचारलं आहे: "माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण मुंबईत झालं. दिवस पूर्ण भरले होते. बाळ जन्मतः रडलं नाही, काळंनिळं होतं, अँबू बॅगेने श्वास दिल्यावर पाचेक मिनिटांनी रडलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, बाळ स्थिर आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे झटके आले. पाचव्या दिवशी एम.आर.आय. झाला, त्यात मेंदूला दुखापत दिसते असं सांगितलं. आता बाळ एकोणीस दिवसांचं आहे, घरी आलं आहे, अंगावर पितं. पहिल्या दिवशी ठीक होतं तर रात्रीत काय झालं? आमच्यापासून काही लपवलं का? मोठ्या रुग्णालयात नेऊन बाळाला गार ठेवलं असतं तर त्याचा मेंदू वाचला असता का? बहीण नववा महिना लागेपर्यंत लोकलने नोकरीला जायची, ती स्वतःलाच दोष देते. बाळाच्या बाबांनी अमेरिकेतल्या एका संशोधिकेचं कार्निटिनवरचं काम वाचलं आहे. त्याच्या गोळ्या मिळतात. बाळाला द्याव्यात का?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण घाई त्याचीच आहे. त्या गोळ्या बाळाला देऊ नका. कुटून नको, दुधात विरघळवून नको, आणि दुधातून उतरेल म्हणून आईनेही खायला नको. कारण पुढे सांगते. ज्या संशोधिकेबद्दल बाबांनी वाचलं तिचं काम मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच वाटेवर आहे.

मी सत्तावीस वर्षं मुंबईत नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. अगदी नवी होते तेव्हाची गोष्ट. तुमच्यासारखंच बाळ, दिवस भरलेलं, जन्मतः गुदमरलेलं. संध्याकाळपर्यंत ते गुलाबी झालं, श्वास स्वतः घेऊ लागलं, लघवी झाली. मी बाहेर येऊन वडिलांना सांगितलं, "धोका टळला." पहाटे साडेचारला सिस्टरने हाक मारली. बाळाचा उजवा हात एका लयीत उडत होता आणि ओठ चोखल्यासारखे हलत होते. वडील बाहेरच्या बाकड्यावर जेवणाच्या डब्याची पिशवी उशाला घेऊन झोपले होते. त्यांना उठवून मी काय बोलले ते आता आठवत नाही. त्यांनी विचारलेलं मात्र शब्दन्‌शब्द आठवतं: "मॅडम, मग संध्याकाळी तुम्ही काय बघितलं?"

संध्याकाळी मी जे बघितलं ते खरंच होतं. त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून अशा बाळाच्या बाबतीत पहिले ७२ तास मी ते दोन शब्द उच्चारत नाही. तुमच्या डॉक्टरांनी "स्थिर आहे" म्हटलं. त्यांनी काही लपवलं असेल असं मला एवढ्यावरून वाटत नाही. पण "अजून तीन दिवस काही सांगता येणार नाही" हे वाक्य त्याला जोडून यायला हवं होतं. ते आलं नाही, म्हणून आज तुमच्या मनात शंका आहे. तुमची शंका मला रास्त वाटते.

रात्रीत काय झालं हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. ऑसमंड रेनॉल्ड्स हे तिथले नवजात शिशुतज्ज्ञ. त्यांच्या गटाने फॉस्फरसचे संकेत टिपणाऱ्या चुंबकीय यंत्रात नवजात बाळांना ठेवलं आणि सुईही न टोचता जिवंत मेंदूतली ऊर्जा मोजली. पेशी ऊर्जा वापरते ती एटीपीच्या रूपात, आणि एटीपी कमी पडू नये म्हणून फॉस्फोक्रिएटिन नावाचा राखीव साठा ठेवते. घरातल्या इन्व्हर्टरसारखा. जन्मताना गुदमरलेल्या बाळांत हा साठा पहिल्या दिवशी बऱ्याचदा चक्क व्यवस्थित निघाला. त्यानंतरच्या दिवसांत तो घसरत गेला. आणि जितकी घसरण खोल, तितकं पुढे बाळाचं नुकसान जास्त. १९९४ मध्ये याच गटाने डुकराच्या नवजात पिल्लांत सगळा क्रम टप्प्याटप्प्याने दाखवला: प्राणवायू तोडल्यावर ऊर्जा कोसळते, प्राणवायू परत दिल्यावर दोन-तीन तासांत सावरते, आणि मग रक्तदाब, प्राणवायू सगळं ठीक असताना पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा कोसळते.

ही दुसरी घसरण तुमच्या बाळाला पहाटे आली. मधले काही तास शांत असतात. त्या शांततेत बाळ पाहणाऱ्याला बरं दिसतं, कारण त्या वेळी ते खरोखरच सावरलेलं असतं.

दुसरी घसरण का येते हे समजायला दादरचा, पावसात तुंबणारा हिंदमाता परिसर आठवा. तिथला भाग खोलगट. पाऊस थांबेपर्यंत पंप चालले तर रस्ता दिसतो, पंप बंद पडले की पाणी दुकानांत शिरतं. मेंदूची प्रत्येक पेशी अशाच खोलगट जागी बसली आहे. बाहेर सोडियम भरपूर, आत कमी, आणि हा फरक टिकवायला पेशीच्या भिंतीतले पंप अखंड चालू ठेवावे लागतात. मेंदूच्या ऊर्जेचा फार मोठा हिस्सा केवळ या उपशावर जातो. जन्माच्या वेळी वारेतून किंवा नाळेतून रक्त येणं थांबलं की एटीपी संपतं, पंप बंद पडतात, सोडियम आणि त्यामागोमाग पाणी आत येतं. पेशी सुजते. शिवाय ग्लुटामेट नावाचं रसायन, जे एरवी एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवायला थेंबाथेंबाने वापरलं जातं, ते भसाभस बाहेर सांडतं आणि शेजारच्या पेशींत कॅल्शियमची दारं उघडतं.

मग बाळाला श्वास दिला जातो, रक्त फिरू लागतं. पाणी ओसरतं, लाइट येते. पण मुंबईत तळमजल्यावर राहिलेल्या कुणालाही विचारा, पाणी ओसरल्यावर पहिली भीती कसली? भिजलेल्या मीटरबॉक्सची. वीज परत येते आणि शॉर्टसर्किट होतं. पेशीतला मीटरबॉक्स म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, जिथे साखरेचं आणि प्राणवायूचं एटीपी होतं. कॅल्शियमने फुगलेल्या, भिजलेल्या मायटोकॉन्ड्रियात प्राणवायू परत आला की त्यातला काही भाग ऊर्जेऐवजी जाळपोळ करणाऱ्या कणांत बदलतो. तासागणिक एकेक मायटोकॉन्ड्रिया बंद पडत जातो. पुरेसे बंद पडले की राखीव साठा संपतो, पेशी पुन्हा अंधारात जाते, आणि बाहेर आपल्याला झटके दिसतात. झटका म्हणजे आणखी खर्च. आधीच तुटीत असलेल्या घरावर अचानक आलेला मोठा खर्च म्हणा. म्हणून झटके लवकर ओळखून थांबवणं हा उपचाराचा गाभा असतो. त्यातले बरेच डोळ्यांना दिसतही नाहीत, ते फक्त ई.ई.जी. वर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, सापडतात.

इथपर्यंत ऐकून घरचे म्हणतात, मग मोठ्या माणसाच्या पक्षाघातासारखंच झालं. नाही हो. नवजात मेंदू वेगळं इंधन जाळतो, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग हाच आहे.

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असतो आणि शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. नवजात बाळाचा मेंदू त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असतो, म्हणजे त्याचा वाटा किती मोठा असेल याचा अंदाज येईल. आपण जवळजवळ पूर्ण साखरेवर चालतो. नवजात मेंदू मात्र साखरेबरोबर लॅक्टेट (अर्धवट वापरलेल्या साखरेतून उरणारं) आणि कीटोन (चरबीतून बनणारं) हेही सहज जाळतो. मोठ्या माणसाच्या तुलनेत तो कीटोन कितीतरी पट वेगाने आत ओढून घेतो. हे कीटोन येतात कुठून? आईच्या दुधातल्या स्निग्धांशातून. त्या दुधातली निम्मी ऊर्जा स्निग्धांशाचीच असते. बाळाचं यकृत त्यातून कीटोन करतं, आणि मेंदू त्याचा इंधन म्हणून वापर करतोच, शिवाय मज्जातंतूंवरचं आवरण बांधायलाही त्याचा माल वापरतो. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. जंतुसंसर्गाने दगावणाऱ्या लहानग्या बाळांना आईचं नाही तर निदान कुठल्या तरी आईचं दूध मिळावं ही त्यामागची तळमळ होती. मेंदूच्या इंधनाचा विचार करते तेव्हा ती पेढी मला दुहेरी मोलाची वाटते.

प्रत्येक भाग सारखा खर्चिक नसतो, हेही इथे सांगायला हवं, कारण तुमच्या एम.आर.आय. च्या रिपोर्टात बहुधा "बेसल गँग्लिया" आणि "थॅलॅमस" हे शब्द असतील. मेंदूत खोलवर असलेल्या पेशींच्या गाठींची ही नावं. १९८७ मध्ये अमेरिकेत हॅरी चुगानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर लहान मुलांच्या मेंदूतला साखरेचा वापर मोजला. नवजात बाळात थॅलॅमस, मेंदूचा देठ, हालचाल-स्पर्शाची पट्टी असे मोजकेच भाग जोरात पेटलेले होते. बाकीचा मोठा मेंदू अजून मंद. दोन-तीन महिन्यांत तो उजळू लागतो, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट साखर खातो. आता हे उलटं वाचा. अचानक आणि पूर्ण पुरवठा तुटला तर सगळ्यात आधी मरतात ते सगळ्यात जास्त राबणारे भाग, म्हणून खोलवरच्या गाठींना इजा दिसते. पुरवठा बराच वेळ अर्धवट राहिला तर शरीर खोलवरच्या भागांना सांभाळतं आणि दोन रक्तवाहिन्यांच्या सीमेवरचे पट्टे सुकतात. रिपोर्टातली जागा ही म्हणून डॉक्टरांना पुष्कळ काही सांगते. त्यांच्याशी बोलताना "दुखापत आहे का" एवढंच विचारून थांबू नका. "कुठे आहे" हे विचारा.

आता त्या संशोधिका. बाल्टिमोरला, मेरीलंड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात मेरी मॅकेना यांनी मेंदूच्या पेशी काय जाळतात या एकाच प्रश्नामागे कितीतरी वर्षं घालवली. १९९६ च्या त्यांच्या एका शोधनिबंधाने माझा दृष्टिकोन बदलला. मेंदूत निरोप वाहणाऱ्या मज्जापेशींना सांभाळणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात, अॅस्ट्रोसाइट. सांडलेलं ग्लुटामेट उचलून घ्यायचं काम त्यांचं. त्या ते उचलून निरुपद्रवी करून परत देतात, एवढंच आम्ही शिकलो होतो. मॅकेना यांनी दाखवलं की बाहेर ग्लुटामेट जितकं जास्त, तितका त्यातला मोठा वाटा या पेशी सरळ इंधन म्हणून जाळतात. जे आम्ही केवळ विष म्हणून शिकलो, ते साफ करणारीचं अन्नही आहे. म्हणजे अॅस्ट्रोसाइटचा मायटोकॉन्ड्रिया बिघडला तर दोन संकटं एकदम येतात: तिचं अन्न शिजत नाही आणि शेजारणीचं विष उचललं जात नाही.

कार्निटिनचा धागा इथून निघतो. साखर पेशीत आली की आधी तिचं पायरुव्हेट होतं, आणि मग एका दारातून ते मायटोकॉन्ड्रियात शिरतं. त्या दारावर पायरुव्हेट डिहायड्रोजनेज नावाचा पहारेकरी आहे. प्राणवायू तुटून परत आल्यावर जे पहिले काही जखमी होतात त्यांत हा एक. दार अडकतं. मग बाळाच्या रक्तात साखर आहे, प्राणवायू आहे, तरी आत स्वयंपाक होत नाही आणि बाहेर लॅक्टेट साचत राहतं. असेटिल-एल-कार्निटिन हा रेणू, कार्निटिनचंच एक रूप, त्या दाराला वळसा घालून तयार माल आत पोचवू शकतो. मॅकेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उंदरांच्या पिल्लांवर वापरून पाहिला आणि मेंदूची इजा कमी झालेली दिसली. नर पिल्लांत मायटोकॉन्ड्रियाची हानी मादी पिल्लांपेक्षा जास्त असते हेही त्यांच्याच विद्यापीठातल्या कामातून पुढे आलं. हे सगळं पाहिल्यावर बाळाच्या बाबांना आशा वाटली, यात त्यांचं काहीच चुकलं नाही. मलाही वाटली होती.

तरी गोळ्या का नकोत, ते सांगते. ही पिल्लं ज्या पद्धतीने तयार करतात ती १९८१ पासूनची आहे, राइस आणि व्हॅनुची यांची: सात दिवसांच्या पिल्लाची मानेतली एका बाजूची रक्तवाहिनी बांधायची आणि ठरावीक वेळ ८ टक्के प्राणवायूत ठेवायचं. तिथे इजा कुठल्या मिनिटाला सुरू झाली हे माहीत असतं आणि औषध त्यानंतर ठरलेल्या तासांत दिलं जातं. सात दिवसांच्या उंदराचा मेंदू पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा अपुऱ्या दिवसांच्या बाळाशी जास्त जुळतो. आणि तुमचं बाळ एकोणीस दिवसांचं आहे. ऊर्जेची ती पडझड पहिल्या तीन-चार दिवसांत घडून गेली. अडकलेल्या दाराला वळसा घालायची वेळ आज राहिलेली नाही. माणसाच्या बाळांत हा उपचार सिद्ध झालेला नाही. त्यातच कार्निटिनच्या औषधाच्या माहितीपत्रकात झटक्यांचा इशारा छापलेला असतो, आणि ज्या बाळाला नुकतेच झटके येऊन गेले त्याला तो धोका द्यायचा कशाला? कार्निटिन आईच्या दुधात मुळातच असतं. बाळ अंगावर पितं आहे, तेवढं त्याला मिळतं आहे.

पिल्लांत चाललेलं औषध बाळांत चालेलच असं धरून चालण्याची किंमत आमच्या क्षेत्राने मोजली आहे. एरिथ्रोपोएटिनचंच घ्या, एरवी लाल रक्तपेशी वाढवायला वापरतात ते औषध. प्राण्यांत उत्तम निकाल होते. अमेरिकेत ५०० बाळांवर, गार ठेवण्याच्या उपचाराला जोडून, ते तपासलं गेलं. २०२२ मध्ये निकाल आला: फायदा नाही.

आणि खुद्द गार ठेवण्याचं. तुमच्या मनात हा सल आहे म्हणून थोडं थांबून सांगते. शरीराचं तापमान ३३.५ अंशांवर आणून ७२ तास ठेवलं, आणि ते जन्मानंतर सहा तासांत सुरू केलं, तर मेंदूचा खर्च कमी होतो आणि ती दुसरी घसरण उथळ होते. न्यूझीलंडमध्ये अॅलिस्टर गन यांनी मेंढीच्या पोटातल्या पिल्लांवर १९९७ मध्ये हे दाखवलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या २०८ बाळांच्या चाचणीत मृत्यू किंवा अपंगत्व ६२ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं. श्रीमंत देशांत तो नेहमीचा उपचार झाला आणि आपल्याकडेही यंत्रं आली. मग हेलिक्स नावाची चाचणी झाली, भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर. आपलं सायन रुग्णालयही तिच्यात होतं. २०२१ मध्ये निकाल आला. गार ठेवलेल्या बाळांत मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, आणि मृत्यू ३१ टक्क्यांच्या जागी ४२ टक्के झाले.

हा निकाल पचवायला मला वेळ लागला. मी स्वतः गार ठेवलेली बाळं डोळ्यांसमोर आली. यंत्र तेच, तापमान तेच, मग फरक कशाचा? मला पटणारं स्पष्टीकरण असं, की आपल्याकडच्या बऱ्याच बाळांत इजा प्रसूतीच्या शेवटच्या अर्ध्या तासात सुरू झालेली नसते. आई रक्तक्षयाची, पोटात वाढ कमी, कधी आत दबलेला संसर्ग. पोटात असतानाच कुणाच्या लक्षात न आलेले कितीतरी तास किंवा दिवस अर्धपोटी गेलेले असतात. हेलिक्समधल्या एम.आर.आय. मध्येही खोलवरच्या गाठींपेक्षा पांढऱ्या भागाची इजा जास्त दिसली. सहा तासांची खिडकी जन्मापासून मोजतो आपण, पण घड्याळ त्याआधीच सुरू झालेलं असेल तर ती खिडकी बंद झालेली असते. तेव्हा ताई, "मोठ्या ठिकाणी नेऊन गार केलं असतं तर" हा विचार रात्री छळत असेल तर बाजूला ठेवा. उलट एक गोष्ट नक्की माहीत आहे: ताप अशा मेंदूला घातक ठरतो. तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत ठेवणं साधं वाटतं, पण त्याला पर्याय नाही.

घरी याचा अर्थ काय? बाळाला तीन-तीन दुपट्यांत गुंडाळून, खिडक्या लावून, शेगडीजवळ ठेवू नका. ओव्याची, बाळंतशोपांची धुरी देऊ नका. आजीला वाईट वाटेल, तिला प्रेमाने समजावा, तेल लावायचं काम तिला द्या, ते ती हळुवार करेल. मध चाटवू नका, घुटी नको, गुळाचं पाणी नको. फक्त अंगावरचं दूध, दर दोन-तीन तासांनी, झोपलं असलं तरी उठवून.

साखरेबद्दल एक काम करा. डिस्चार्ज कार्ड काढा आणि पहिल्या तीन दिवसांतले साखरेचे आकडे बघा. गुदमरलेल्या बाळाची साखर झपाट्याने पडू शकते, कारण प्राणवायूविना चालवताना त्याने यकृतातला साठा उधळलेला असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की आम्ही हालचाल करतो. निरोगी, अंगावर पिणाऱ्या बाळाची साखर थोडी खाली आली तरी कीटोन हाताशी असतात. गुदमरलेल्या बाळात कधी इन्शुलिन जास्त सुटतं, आणि इन्शुलिन साखरेबरोबर कीटोनही दाबून टाकतं, म्हणजे पर्यायी इंधनही जातं. साखर बराच वेळ खाली राहिली असेल तर मेंदूच्या मागच्या भागाला, जिथे दृष्टी समजते, तिथे इजा व्हायची शक्यता असते. तसे आकडे कार्डावर असतील तर डोळ्यांची तपासणी लवकर करून घ्या आणि करताना ते आकडे तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

आता तुमची बहीण. लोकलमध्ये उभं राहून गेल्यामुळे बाळ गुदमरत नाही. जिने चढल्यामुळे, ग्रहणात बाहेर गेल्यामुळे, पपई खाल्ल्यामुळे, नवऱ्याशी भांडण झाल्यामुळेही नाही. वार अचानक सुटते, नाळ आधी खाली उतरते, गर्भाशय फाटतं, कळा लांबतात आणि बाळ अडकतं, आत संसर्ग असतो. कधी सगळं शोधूनही कारण हाती लागत नाही. अशा आईशी बोलताना मी एक अनुभव घेतला आहे: "तुझी चूक नाही" असं नुसतं म्हटलं की ती मान हलवते आणि रात्री पुन्हा तोच विचार करते. पण नेमकं काय घडलं असावं हे चित्र समोर ठेवून समजावलं तर ओझं थोडं उतरतं. म्हणून हे उत्तर तिला वाचून दाखवा, एका बैठकीत नको, दोन-तीनदा थांबत. ती जेवत नसेल, बाळाकडे बघायला घाबरत असेल, झोप येऊनही झोपत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला कचरू नका. त्या औषधांतली बरीच अंगावर पाजतानाही चालतात.

कुणाची चूक होती का, हे इथे बसून मी सांगू शकत नाही आणि सांगणंही बरोबर नाही. त्यासाठी कळांचा आलेख, बाळाच्या ठोक्यांची पट्टी आणि नाळेच्या रक्ताचा आम्लतेचा रिपोर्ट लागतो. हे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा २००२ पासूनचा नियम आहे. भांडणासाठी मागा असं माझं म्हणणं नाही. पुढच्या उपचारालाही ते लागतील, आणि पुढच्या बाळंतपणालाही.

पुढचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो प्रत्येक ओळीमागे दिसतो. अंगावर नीट ओढून पितं ही चांगली खूण आहे, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ मेंदूच्या देठातून बसतो. आकडीचं औषध चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, आणि किती दिवस द्यायचं हे पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा. ते वर्षभर नुसतं चालू राहू देऊ नका. कानांची बेरा तपासणी करून घ्या. डोक्याचा घेर दर महिन्याला मोजून वहीत लिहा. पहिल्या तीन महिन्यांत तो महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढायला हवा. थेरपीसाठी दोष दिसायची वाट पाहू नका. ठाणे जिल्ह्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली कुठे जायचं ते आशाताईंना किंवा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये विचारा. मुंबईत यायला जमणार असेल तर हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सरकारी आहे. आणि तीन ते आठ महिन्यांच्या दरम्यान, विशेषतः झोपेतून उठल्यावर, बाळ ओळीने पाच-दहा वेळा दचकल्यासारखं अंग मुडपू लागलं तर पोटात दुखतं म्हणून सोडून देऊ नका. मोबाइलवर टिपा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्या प्रकारच्या आकडीत एकेक आठवडा महत्त्वाचा असतो.

बाळ बारा ते चौदा आठवड्यांचं झालं की आणखी एक व्हिडिओ काढायचा आहे. ऑस्ट्रियात काम केलेल्या हाइन्झ प्रेख्टल यांनी बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींवरून मेंदूची स्थिती ओळखायची रीत बसवली. या वयात मान, मनगट, घोटे यांच्या बारीक, गोलाकार, सगळीकडून उमटणाऱ्या हालचाली दिसायला हव्यात. त्या दिसल्या तर चालण्याफिरण्याबाबत खूप आश्वासक असतं, नाही दिसल्या तर थेरपी त्याच आठवड्यापासून जोरात सुरू करता येते. ही रीत शिकलेल्या बालविकासतज्ज्ञांकडे तो व्हिडिओ न्या. बाळ जागं आणि शांत हवं, पोट भरलेलं. उताणं, हातपाय उघडे, मोजे-झबलं काढलेलं, तोंडात काही नाही, वर खेळणं लटकलेलं नाही, शेजारी कुणी बोलणारं नाही. मोबाइल पायांकडून वर धरा, पूर्ण बाळ चौकटीत येऊ द्या, तीन ते पाच मिनिटं. रडायला लागलं तर तिथेच थांबवा, त्याला पाजा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा.